आमची ऐकणारी लेक

माझी मुलगी जेमतेम दोन महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा पुस्तक वाचून दाखवलं. आम्ही तेव्हा हडको वसाहतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. मला आई नाही, त्यामुळं बाळंतपण माहेरी न होता इथंच झालं आणि त्यासाठी सासूबाई पिशोरहून येऊन राहिल्या होत्या. तेल, शेक, धुरी सगळं त्यांच्या हातानं रीतसर चाललं होतं. पुस्तक तेवढं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

"अगं माय, तिला मान धरता येईना अजून, अन् तू तिला पुस्तक दाखवतीस? उद्याच्याला शाळंत घालायची का?"

"आई, ती नुसता आवाज ऐकते."

"आवाज तर माझाबी हाय की. मी काय मुकी हाय व्हय?"

त्या मुक्या अजिबात नव्हत्या. बाळाला पायांवर घेऊन तेल लावताना त्या बुद्धविहारात म्हणतात ती सगळी वंदना सुरात म्हणायच्या. लिहिता-वाचता येत नसताना त्यांनी ती ऐकून ऐकून पाठ केली होती. मी त्यांना कधी अडवलं नाही. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते आणि दरवर्षी माझ्या वर्गात दोन-चार मुलं अशी येतात, ज्यांना घरी कुणी कधी काही वाचून दाखवलेलं नसतं. गोष्ट सांगताना मध्येच थांबून "मग काय झालं असेल?" असं विचारलं की ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहतात. गोष्टीला पुढं काहीतरी असतं, हेच त्यांना ठाऊक नसतं. माझ्या लेकीला ते बोलता येण्याच्या आधी ठाऊक असावं, एवढाच माझा हट्ट होता.

औरंगपुऱ्यातून मी एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. एक कासव आठवडी बाजाराला निघतं. चालून चालून दमतं, दर पानावर थांबून "हुश्श" म्हणतं आणि पोचतं तोवर बाजार उठलेला असतो. शेवटी एकदा सगळे दुकानदार त्याच्यासाठी पालं तशीच ठेवून थांबतात. मी लेकीला उशीवर टेकवून, पुस्तक तिच्या डोळ्यांपुढं धरून वाचायचे. आणि ती ऐकायची. कशी ऐकायची हे सांगायला मला आजही शब्द पुरत नाहीत. तिचे डोळे चित्रावरून माझ्या ओठांवर, ओठांवरून चित्रावर जायचे. रडत असली तर थांबायची. अंगाची जराही चुळबुळ नाही, हातपाय झाडणं नाही. सगळं बाळ जणू डोळ्यांत आणि कानांत येऊन बसायचं.

शेजारीण म्हणायची, "किती गुणाचं लेकरू आहे हो तुमचं!"

मला अभिमान वाटायचा. वाचनामुळं ती अशी शांत झाली, असं मी कुणाकुणाला सांगितलंही.

तेल लावताना सासूबाईंच्या हाताला मात्र दुसरंच काही लागत होतं. त्यांनी स्वतःची चार आणि भावकीतली कितीतरी लेकरं पायांवर घेतलेली. एक दिवस आंघोळ घालून झाल्यावर त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, माझ्याकडं दिलं आणि तिथंच मोरीशी बसून राहिल्या.

"पोरी, हिचे पाय लई मऊ लागतेत गं. लेकरू तेल लावताना लाथा झाडतं. ही झाडत नाय."

"अशक्त असेल, आई."

"अशक्त लेकरूबी झाडतं."

आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला हातांवर पालथं धरलं तर ती ओल्या कपड्यासारखी दोन्ही बाजूंनी लोंबली. गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून बघितली. तोंड उघडून जीभ बराच वेळ बघत राहिले. नंतर कळलं, जिभेवर बारीक थरथर होती. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं, मोठ्या डॉक्टरांनी रक्त दुसऱ्या शहरात तपासायला पाठवलं आणि आम्ही वाट बघत बसलो.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा नवरा वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून थेट आला होता. अंगावर कंपनीचाच शर्ट, बाहीला ग्रीस. डॉक्टर बाई वयानं आमच्याएवढ्याच असतील. त्यांनी खुर्ची टेबलामागून काढून आमच्याजवळ आणली, तेव्हाच मला समजलं.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, मग साध्या मराठीत समजावलं. मेंदूकडून हातापायांना जो हुकूम जातो, तो पोचवणाऱ्या पाठीतल्या पेशी एकेक करून मरत जातात. मग हात, पाय, मान, शेवटी गिळणं आणि श्वास. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात एकच दोष लपलेला असला तर असं होऊ शकतं. आम्हा दोघांना त्याचा काही पत्ता नव्हता. औषधांबद्दलही त्या बोलल्या. ती आमच्या आवाक्यातली नव्हती. त्यावर मी इथं काही लिहिणार नाही, लिहायला बसले तर दुसरं काहीच लिहून होणार नाही.

"अशी बहुतेक मुलं दुसरा वाढदिवस बघत नाहीत," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं विचारलं, "तिला कळतं का?"

"काय?"

"म्हणजे... आपण बोलतो ते. ऐकायला येतं का? समजतं का?"

"सगळं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "कान चांगले आहेत, डोळे चांगले आहेत, बुद्धी चांगली आहे. कदाचित इतर बाळांपेक्षा जास्तच लक्ष असेल तिचं. अंग तेवढं साथ देत नाही."

परत येईतो अंधार पडला होता. रिक्षात लेक माझ्या मांडीवर होती आणि बाहेरचे दिवे तिच्या डोळ्यांतून पळत होते. ती एकेका दिव्याकडं बघत होती.

त्यानंतर माझं वाचन बंद पडलं. ठरवून नाही. पुस्तक हातात घेतलं की पहिल्याच ओळीशी मी ते मिटून ठेवायचे. ही मोठी होणार, शाळेत जाणार, बोट ठेवून वाचणार, यासाठीच तर मी वाचत होते. ते सगळं गेल्यावर कासवाला बाजारात नेऊन काय करायचं? मी तिचं बाकी सगळं करत होते. कूस बदलायची, पाठीवर हलकेच थापटून कफ सोडवायचा, पुढं पुढं तर मशीननं घशातली लाळ ओढून काढायची. गिळणं कमी झालं तेव्हा नाकातून नळी बसवली, तिच्यातून दूध द्यायला शिकले. रजा वाढवून घेतली. दिवस कामात जायचा.

वाचन पुन्हा सुरू केलं ते माझ्या नवऱ्यानं.

माझा नवरा दहावीनंतर आयटीआय करून फिटर झालेला. पुस्तकाशी त्याचं कधी जमलं नाही. व्हॉट्सॲपवरचा मोठा मेसेजसुद्धा तो माझ्याकडं द्यायचा, "काय म्हणतोय बघ." तो एका दुपारी पाळीवरून आला, हातपाय धुतले, चहासुद्धा न घेता लेकीशेजारी पलंगावर आडवा झाला आणि पुस्तक उघडलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"ए-क... होतं... का-सव. त्या-ला... बा-जा-रात... जा... जायचं होतं."

एकेका अक्षरावर बोट. जोडाक्षर आलं की गाडी थांबायची, मागं यायची, पुन्हा पुढं जायची. 'दुकानदार' नीट गेला, 'हुश्श'ला अडला. "हु... हुश... हुश्-श!" आणि मला एक आवाज आला. बारीक, मांजराच्या पिल्लाचा निघावा तसा. मी हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर धावले. मला वाटलं घशात काही अडकलं.

लेक हसत होती. तिचं हसणं गालांपर्यंत पोचायचं नाही, तेवढी ताकदच गालांत उरली नव्हती. पण भुवया वर जायच्या, डोळे चमकायचे आणि जीभ थोडी बाहेर यायची. नवरा घाबरून माझ्याकडं बघत होता.

"काय झालं तिला?"

"काही नाही. हसतेय ती. पुन्हा म्हणा."

"हुश्-श!"

पुन्हा तो आवाज.

त्या दिवसापासून ती त्याचीच श्रोती झाली. मी वाचलं तर ऐकून घ्यायची, पण त्याच्यासाठी वाट बघायची. दुपारी जिन्यात त्याचे बूट वाजले की तिचे डोळे दाराकडं जायचे. मी पुष्कळ विचार केला, की माझ्यापेक्षा त्याचं वाचन तिला का आवडत असेल. माझं वाचन सरळ वाहत जायचं. त्याचं अडखळत, थांबत, मध्येच "थांब हां, हे काय लिहिलंय" असं तिला सांगत. कदाचित त्या थांबण्यात तिला यायला जागा मिळत असेल. कदाचित काहीच कारण नसेल, बाप आवडत असेल, एवढंच.

मी शाळेतून आणखी पुस्तकं आणली. मग नवऱ्यानं एक खेळ काढला. दोन्ही हातांत दोन पुस्तकं धरायची. "हे का हे?" तिचे डोळे एकीकडं जायचे आणि तिथंच थांबायचे. तेच वाचायचं. दोन्ही नको असतील तर ती सरळ डोळे मिटून घ्यायची. घट्ट नाही, पापण्या अलगद खाली.

"बघ, मॅडमला पसंत नाही," तो म्हणायचा आणि दुसरी दोन काढायचा.

पुस्तकं संपली की तो हाताला येईल ते वाचायचा. चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका त्यानं तिला निमंत्रकांपासून चिल्ल्यापिल्ल्यांच्या आग्रहापर्यंत पूर्ण वाचून दाखवली. कुकरची माहितीपुस्तिका वाचली. "शिटी... साफ... ठे-वा." तिला तीही आवडली. बोट ठेवायला हात उचलत नाही म्हणून तो तिचं बोट आपल्या बोटांत धरून ओळीवरून फिरवायचा. ते पिटुकलं बोट अक्षरांवरून जाताना बघितलं की मी आत जायचे.

सासूबाईंनी तोवर पिशोरला परत जायचा विषयच सोडून दिला होता. पहिल्यांदा त्या दारात बसून भाजी निवडत ऐकायच्या. मग पलंगाशी आल्या. आणि एका सकाळी मी दूध गाळत असताना बघते, तर पुस्तक हातात उघडून त्या लेकीला गोष्ट 'वाचून' दाखवताहेत. पुस्तक उलटं होतं. कासव पाठीवर पडल्यासारखं दिसत होतं. पण गोष्ट शब्दाला शब्द बरोबर, पानं उलटायची ठिकाणंसुद्धा बरोबर. फक्त त्यांचं कासव आमच्यापेक्षा जास्त बोलायचं.

"आरं बाबांनो, म्या लई लांबून आलोय, जरा दमा की!"

लेक भुवया उंचावून त्या नव्या ओळी ऐकत होती. मी पुस्तक सरळ करून दिलं नाही.

दिवाळीच्या आसपास एक गोष्ट घडली. नवरा वाचत होता. कासव दमलं, तो पान उलटून 'हुश्श' म्हणणार तेवढ्यात त्याला ठसका लागला. तो खोकला आवरेपर्यंत खोलीत शांतता. आणि त्या शांततेत तिनं श्वास सोडला, "हु."

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली.

"पुन्हा वाचा," मी म्हणाले.

त्यानं मागचं पान पुन्हा वाचलं आणि मुद्दाम थांबला. तिनं डोळे त्याच्या तोंडावर रोखले. मग चित्राकडं बघितलं. ओठांचा छोटा चंबू झाला. "हु."

सासूबाई रडायला लागल्या. "बोलली रं! लेकरू बोललं!"

पुढचं काय होतं हे तिला माहीत होतं. मला वर्गात ज्याची उणीव दिसायची, नेमकं ते. जिला मान उचलता येत नव्हती, तिला गोष्टीत आता काय येणार हे कळत होतं आणि तो शब्द तिचा तिला म्हणायचा होता. त्यानंतर 'हुश्श' तिच्या वाट्याचा झाला. नवरा तिथं येऊन थांबायचा, ती म्हणायची, मगच पान उलटायचं.

किती दिवस ते टिकलं ते मी मोजलं नाही. थंडी वाढत गेली तसा आवाज कमी होत गेला. मग नुसती हवा यायची. मग नुसते ओठ हलायचे. नवरा तरीही थांबायचा. ओठ हलले की म्हणायचा, "बरोबर!" आणि पान उलटायचा.

थंडीतच तिला न्यूमोनिया झाला. आधी दोनदा होऊन बरा झाला होता, या वेळी दोन्ही फुप्फुसं भरली. अतिदक्षता विभागात काचेच्या मागं तिचा पलंग होता, सगळ्या वायर आणि नळ्यांत ती आणखी लहान दिसत होती. डॉक्टर बाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं.

"कृत्रिम श्वासाची नळी घातली तर कदाचित या वेळी निभावेल," त्या म्हणाल्या. "पण ती नळी परत निघेल असं मला वाटत नाही. पुढचं सगळं तिला यंत्रावरच काढावं लागेल. तुम्ही दोघं बसून ठरवा. जे ठरवाल त्यात मी तुमच्याबरोबर आहे."

"तिला त्रास होईल?" नवऱ्यानं विचारलं.

"नळीचा होईल."

"आणि नाही घातली तर?"

"तर त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू."

आम्ही जिन्यावर बसलो. सासूबाई आमच्या एक पायरी खाली. शेवटी सासूबाई मागं न वळता म्हणाल्या, "लेकराला आता छळू नका रं. तिनं आपलं लई ऐकलं. आता तिचं ऐका."

आम्ही नळी नको म्हणून सांगितलं. त्या निर्णयाबद्दल मला लोक विचारतात. आजही मला तो बरोबर वाटतो, आणि आजही मी रात्री उठून तो पुन्हा तपासत बसते. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

शेवटच्या दिवसांत तिथल्या सिस्टरनी नवऱ्याला आत वाचायला परवानगी दिली. तोंडाला मास्क, अंगात हिरवा गाऊन, मशीनचे टीक-टीक आवाज, आणि त्यात त्याचं ते अडखळणं. शेजारच्या पलंगावरच्या बाळाची आजीसुद्धा मान वळवून ऐकायची. लेक कधी डोळे उघडायची, कधी नाही. उघडले की त्याच्याकडं बघायची.

ती गेली तेव्हा मात्र कुणी वाचत नव्हतं. दुपार होती. नवरा खाली मेडिकलमधून इंजेक्शन आणायला गेला होता. मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसत होते. ती माझ्याकडं बघत होती आणि मग बघत नव्हती. मशीन ओरडायच्या आधी मला ते समजलं होतं. नवरा जिना चढून आला, त्याच्या हातात इंजेक्शनची पिशवी होती. सिस्टरनी ती त्याच्या हातातून घेतली आणि खुर्ची पुढं केली. तो बसला नाही. पलंगाच्या कडेला ओणवा होऊन तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला. काय बोलला ते मी त्याला कधी विचारलं नाही.

लहान लेकरू म्हणून तिला मातीत ठेवलं. भन्तेजींनी वंदना घेतली आणि सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. त्याच वंदनेनं त्यांनी तिला दररोज तेल लावलं होतं.

काही आठवड्यांनी सासूबाई पिशोरला गेल्या. जाताना त्यांनी कासवाचं पुस्तक मागून घेतलं. "मला वाचता येत नाय, पण राहू दे माझ्याजवळ," म्हणाल्या. बाकीची पुस्तकं नवऱ्यानं सुतळीनं बांधून माळ्यावर टाकली. लाळ ओढायचं मशीन लासूर स्टेशनच्या एका कुटुंबाला दिलं, त्यांच्या घरी असाच आजारी मुलगा होता. मग त्यानं वाचायचं बंद केलं. नुसतं मोठ्यानं नाही, सगळंच. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय असं विचारलं तरी म्हणायचा, "चष्मा लागलाय बहुतेक मला." चष्मा लागला नव्हता.

मी शाळेत परत गेले. पहिल्याच दिवशी गोष्टीचा तास होता. पुस्तक उघडलं, पोरं मांडी घालून समोर बसली, आणि माझ्या तोंडून अक्षर फुटेना. पोरं वाट बघत होती. त्यांचे हात, पाय, माना सगळं हलत होतं. एक दुसऱ्याला चिमटा काढत होता, एक मागं वळून खिडकीबाहेर बघत होती. मी त्यांना चित्र काढायला सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. माझ्या बरोबरीच्या बाईंनी काही न विचारता माझा वर्ग सांभाळला. पुढं पुष्कळ महिने गोष्टीचा तास त्याच घ्यायच्या. हळूहळू मला जमायला लागलं. पण वाचताना मी पोरांच्या डोळ्यांत बघत नाही, पुस्तकातच बघते.

दुसऱ्या मुलाचा विचार आम्ही खूप उशिरा आणि घाबरत केला. पोटातल्या बाळाचीही तीच तपासणी करता येते. तो रिपोर्ट येईपर्यंत आम्ही घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बाळ निरोगी आहे असा फोन आला तेव्हा नवरा कंपनीत होता. मी त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. पण फोन ठेवला नाही, मागं यंत्रांचा खडखडाट ऐकू येत राहिला.

मुलगा झाला. सासूबाई पुन्हा आल्या. पहिल्या दिवशी तेल लावताना त्यानं त्यांच्या पोटावर अशी लाथ मारली, की वाटी उपडी झाली. त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावून बसल्या.

तो तीन महिन्यांचा झाल्यावर मी नवीन पुस्तक आणलं. त्याला उशीवर टेकवलं, पुस्तक डोळ्यांपुढं धरलं आणि वाचायला लागले. त्यानं पंख्याकडं बघितलं. पुस्तकावर लाथ मारली. कूस वळवून निघाला. पुढच्या महिन्यात पुस्तक ओढून तोंडात घातलं, चोखून त्याचा कोपरा लगदा केला. एक ओळ पूर्ण ऐकेल तर शपथ. एक दिवस त्यानं पान टर्रकन फाडलं आणि त्या आवाजावर खदाखदा हसला.

मी तिथंच बसून राहिले. लेकरं अशी असतात. निरोगी लेकरू पुस्तक ऐकत नाही, पुस्तकाशी कुस्ती खेळतं. मग माझी लेक जी ऐकायची, निश्चल पडून, सगळं लक्ष एकवटून, ते काय होतं? तिला दुसरं काही करताच येत नव्हतं, म्हणून ऐकत होती का? मी ज्याला गोडी समजले, तो निव्वळ नाइलाज होता का?

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सगळं विचारलं. तो मुलाला गुडघ्यावर घोडा-घोडा करत होता. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"असं बोलू नको," तो म्हणाला.

"पण खरं असेल तर?"

"खरं नाही. तिला नको असलं की ती डोळे मिटायची. तिला 'नको' म्हणता येत होतं. कुकरचं चालायचं, पण तू शाळेतून आणलेली ती सशाची गोष्ट तिनं एकदाही ऐकून घेतली नाही. आठव." त्याचा आवाज फाटला. "तिला माझं आवडायचं. ते तरी माझ्याकडून घेऊ नको."

मुलगा त्याच्या गुडघ्यावर थांबून आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मुलगा आता दोन वर्षांचा होईल. हर्सूल तलावावर जायचं म्हटलं की स्वतःची चप्पल उलटी घालून दारात उभा राहतो. बाप त्याला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून नेतो, खांद्यावर घेतो, हवेत उडवतो. पुस्तक मात्र वाचून दाखवत नाही. मी म्हणते, "एकदा वाचा ना त्याला." तो म्हणतो, "तू आहेस की." मी आता आग्रह करत नाही.

मी वाचते. मुलगा कधी पुस्तक घेऊन येतो, पाठमोरा होऊन माझ्या मांडीत बसतो, दोन-तीन ओळी ऐकतो, चित्रातल्या बैलावर बोट ठेवून "हम्मा" म्हणतो आणि उठून पळतो. त्याचं वय पळायचंच आहे. गॅलरीत त्याच्या पायांची थपथप ऐकू येत राहते आणि मी पान अर्धं टाकून उठत नाही. रिकाम्या खोलीत, आहे त्याच आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.